चासेन काचेत ठेवत नाहीत

ताई, भावोजींनी तुझा चासेन काचेच्या पेटीत ठेवला होता. ऐकतेयस ना? काचेची पेटी, झाकण घट्ट बंद, खाली जांभळी मखमल, आणि मागे तुझा तो फोटो, डोळे अर्धवट मिटलेत म्हणून तू कधी कुणाला पाहू दिला नाहीस तो. पेटीला चंदनाचा हार. तू जाऊन महिनाही झाला नव्हता. मी डब्यात मुगाची खिचडी घेऊन आले होते. अशा घरात गेल्यावर काय बोलावं, काय बोलू नये हे मलाही कळतं. पण चपला काढल्या, पेटीकडे नजर गेली आणि तोंडातून निघून गेलं, "भावोजी, याला बुरशी येणार."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, डबा तिथेच ठेवावा आणि सरळ गाडीत जाऊन बसावं. पण मी नागपूरची. गेले नाही. तू असतीस तर मला दटावलं असतंस, "रंजू, वेळकाळ बघत जा गं जरा," आणि मग स्वतःच जाऊन ते झाकण उघडलं असतंस.

चासेन ही काय वस्तू असते ते मला तुझ्याच टेबलावर कळलं होतं. नितीनला रिंगास्किडीच्या औषधांच्या प्लांटमध्ये नोकरी लागली आणि नवऱ्यामागून मी आयर्लंडला, कॉर्कला आले, व्हिसावर ‘डिपेंडंट’ असं लिहून घेऊन. नागपूरला बँकेत होते मी, हाताखाली माणसं होती, आणि इथे दिवसभर खिडकीतून बंदरातली जहाजं बघत बसायचे. भावोजी त्याच प्लांटमध्ये मोठ्या जागेवर. तुम्ही आम्हाला जेवायला बोलावलंत. जेवण झाल्यावर तू म्हणालीस, "चहा करते," आणि मी आल्याच्या चहाची वाट बघायला लागले. तू आणलास एक ओबडधोबड वाडगा. त्यात चिमूटभर हिरवीगार पूड. आणि हातात बांबूचं एक पेर, अर्ध्यापासून खाली चिरत चिरत केसासारखे बारीक दाते केलेलं. ते दाते तू आधी कोमट पाण्यात भिजवलेस, मग वाडग्यात मनगटानं भराभर असे फिरवलेस की वर मऊ हिरवट फेस आला.

मी म्हटलं, "बाप्पा! ही तर रवी!"

नितीननं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तू मान वर न करता म्हणालीस, "चासेन म्हणतात याला. आणि रवी घुसळते. यानं घुसळायचं नसतं." मी मनात म्हटलं, झालं, पुण्याची दिसते. चव तर विचारू नकोस. गवत उकळून प्यायल्यासारखं वाटलं. भावोजी म्हणाले, "घाबरू नका, आम्ही याला पालकाचं पाणी म्हणतो," आणि तू त्यांच्याकडे असं पाहिलंस की मी पोट दुखेपर्यंत हसले. या देशात आल्यापासून तशी पहिल्यांदाच हसत होते. ते मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

भावोजींच्या नोकरीनं तुला आधी जपानात नेलं होतं. तिथे शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंकडून तू चहाही शिकलीस आणि मातीकामही. तू त्यांना कधी नावानं हाक मारली नाहीस, कायम ‘आमच्या बाई’. निघताना त्यांनी तुला एक चासेन दिला. तो तू रोज वापरायची नाहीस. कॉर्कच्या घरामागच्या शेडमध्ये चाक बसवलंस, विजेची भट्टी आणलीस, आणि ज्या दिवशी भट्टी उघडायची त्या दिवशी पहिला वाडगा चहा बाईंच्या चासेननं. बाकी शनिवारच्या बाजारात आपण चहा विकायचो, त्याला साधे चासेन होते, ते झिजायचे, आपण नवे मागवायचो. बाईंचा मात्र तसा वर्षानुवर्षं टिकला.

टिकला, कारण तू त्याला तळहातावरच्या फोडासारखा जपलास. कोमट पाणी, साबण नाही. स्वच्छ पाण्यात दोनचारदा फिरवायचा, आतल्या दात्यांत अडकलेली पूड बोटानं काढायची, पाणी झटकायचं, आणि मोदकावर बसवायचा. मोदक हे नाव आपल्यातलं. जपानीत त्याला कुसेनाओशी म्हणतात आणि तू गिऱ्हाइकांना ते नाव न अडखळता सांगायचीस. मला ते कधी जमलं नाही. भाजलेल्या मातीचा तो एवढासा गोलावा, आतून पोकळ, वर निमुळता, शेंड्याला खोलगट तोंड, बाहेरून अगदी उकडीच्या मोदकासारखा. त्यावर चासेन पालथा घातला की ओले दाते पसरून वाळतात आणि आकार सोडत नाहीत. तुझा सगळा जीव त्या मोदकांत. वाडगे तू करायचीस, पण उरकल्यासारखे. मोदकावर मात्र एकेका वळणासाठी तास घालवायचीस.

आणि त्या मोदकांच्या बुडाशी भोकं आली ती आमच्या सासूबाईंमुळे, हे मी बाजारात कितीदा सांगितलंय! तू मला एक साधा चासेन दिला होतास, घरी शिकायला. तेव्हा सासूबाई अमरावतीहून आल्या होत्या. मी दुपारी बाहेर गेले. त्यांनी दही घेतलं, हाताला लागेल ती रवी घेतली आणि ताक केलं. मग तिला साबणानं घासलं, वर उकळतं पाणी ओतलं, आणि वाळावी म्हणून हॉट प्रेसमध्ये ठेवली. गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं ते कपाट इथल्या घराघरात असतं. आयरिश लोक त्यात टॉवेल वाळवतात, आपली माणसं दही लावतात, इडलीचं पीठ फुगवतात. सासूबाईंना अख्ख्या आयर्लंडमध्ये आवडलेली गोष्ट ती एकच. सकाळी पाहिलं तर दाते मेलेल्या झुरळाच्या पायांसारखे आत वळलेले आणि मूठ उभी तडकलेली.

तू आलीस. मला वाटलं, आता काही खरं नाही. सासूबाईंनी तुझ्यापुढे ताकाचा पेला ठेवला आणि म्हणाल्या, "रई लहानशी हाये तुमची, पण ताक मस्त झालं." तू ते ताक प्यायलीस. आणखी मागितलंस. मग शांतपणे म्हणालीस, "काकू, याला साबण चालत नाही, उकळतं पाणी चालत नाही, कपाटात कोंडलेलं चालत नाही आणि असं शेकलेलंही चालत नाही."

"मंग चालते तरी काय वो?"

"हवा."

"एवढे लाड तं म्या सुनेचे नाही केले," सासूबाई म्हणाल्या, आणि तू हसत हसत खुर्चीवरून घसरलीस. त्या दिवसापासून मी तुला अहोजाहो करायचं सोडलं.

पण घरी जाऊन तू विचार करत बसलीस. इथे एक तर सगळं दमट, वाळता वाळत नाही, नाही तर लोक हॉट प्रेसमध्ये भाजून काढतात. पुढच्या मोदकांना तू बुडाशी भोकं पाडलीस, वारा खालून शिरून वरच्या तोंडातून निघावा म्हणून. आणि मग स्वतःच घाबरलीस. "आमच्या बाईंना नाही आवडायचं गं." मी म्हटलं, "तुमच्या बाईंनी कॉर्कचा पाऊस बघितलाय?" तू भोकं ठेवलीस. ताई, वादात तू माझं ऐकलंस असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके, त्यातला हा एक.

कॅरिगलाइनच्या शनिवारच्या बाजारात तू मला ओढून नेलंस. मी म्हटलं, मला मातीतलं काही कळत नाही, चहा मला आवडत नाही, आणि मी डिपेंडंट आहे. तू म्हणालीस, "शनिवारी बघू, कोण कुणावर डिपेंडंट आहे ते." आणि खरंच, तुला मेली विकायची कला नव्हती. गिऱ्हाईक आलं की परीक्षा घेतल्यासारखी उभी राहायचीस. बोलायचे मी. पहिल्याच शनिवारी तुझ्या मागच्या भिंतीपलीकडची मॉरीन आली, मोदक हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाली, "लव्हली एग कप्स." तुझा चेहरा! तू तोंड उघडायच्या आत मी तिला अर्धा डझन बांधून दिले. सामान आवरेपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. पुढे तिनं आपल्याला नाश्त्याला बोलावलं, तेव्हा तुझ्या मोदकाच्या वरच्या खळग्यात उकडलेलं अंडं ऐटीत बसलेलं. तू अंडं खात नाहीस. टोस्ट चावत नुसती त्या मोदकाकडे बघत राहिलीस, आणि घरी येताना म्हणालीस, "शोभतं मात्र."

आता भांडणाकडे येते. आपलं एकच भांडण अर्धं राहिलं.

बाईंचा चासेन झिजत आला होता. तू कितीही जपलास तरी बांबूच तो. बाहेरचे दाते एकेक तुटायला लागले, आतली गुंडाळी सैल झाली. तेव्हा तू मला सांगितलंस की तिकडे असा झिजलेला चासेन कचऱ्यात टाकत नाहीत. देवळात नेतात, त्याचे आभार मानतात आणि त्याला अग्नी देतात. "आपणही तेच करायचं," तू म्हणालीस, जसं काही पुढच्या आठवड्यात भाजी आणायची आहे.

मी भडकले. आमच्या घरात आई तुटका झारासुद्धा टाकत नाही, आणि बाईंनी दिलेली वस्तू ही जाळायला निघाली! मी म्हटलं, "मी ठेवते जपून. शोकेसमध्ये."

"वापरायची वस्तू शोकेसमध्ये ठेवली की मेली."

"आणि जाळली की जिवंत राहते का?"

"जाळली की तिचं काम झालं असं आपण मान्य करतो. तुला तेच नकोय, नागपूर."

चिडलीस की तू मला नागपूर म्हणायचीस. मी तरी ऐकलं नाही. मग तुझं दुखणं निघालं, आणि चासेनवरून भांडायला कुणाला वेळ होता! तरी दवाखान्यात, तू नीट बोलू शकलीस त्या शेवटच्या दिवशी, तू डोळे उघडलेस आणि मी काही विचारायच्या आधी म्हणालीस, "जाळलास का?"

मी म्हटलं, "तू घरी ये. दोघी मिळून जाळू."

तू नुसती नाही म्हणून मान हलवलीस. रागानं नाही. मला कळत होतं तू काय म्हणतेयस ते. पण मला वाटत होतं, जोवर तो चासेन आहे तोवर तू जाणार नाहीस. लहान मुलांसारखं वाटणं, पण होतं तसं. तू गेलीस, आणि चासेन तसाच शेडमध्ये मोदकावर बसलेला होता.

पुलावरून बेटावरच्या दाहगृहात आम्ही तुला नेलं. सगळं नीटनेटकं, शांत. पडदा सरकला आणि संपलं. बाहेर आलो तर समोर पाणी, आणि फ्रान्सला जाणारी बोट धक्क्याला लागलेली. भावोजी त्या बोटीकडे बघत होते. मग म्हणाले, "रंजना, अग्नी कुणी दिला गं?" मला काय माहीत! कुणीतरी आत बटण दाबलं असेल. मी म्हटलं, "तुम्हीच दिलात भावोजी." त्यांना ते पटलं नाही, मलाही नाही.

आणि मग ही पेटी.

खिचडीच्या दिवशी त्यांनी मला काही बोलू दिलं नाही. पण पुढच्या रविवारी मी परत गेले, आणि या वेळी ठरवून गेले. भावोजी सामान बांधत होते. कायमचे पुण्याला निघाले आहेत ते, आणि बरोबर आहे, इथे एकट्यानं कशाला राहायचं? भट्टी विकली होती. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी माणूस येऊन नेणार. शेड रिकामी करायची म्हणून दारात कचऱ्याचा मोठा लोखंडी डबा आणून ठेवलेला. शेडमध्ये डोकावले तर तुझी शेवटची खेप फळीवर, एकदा भाजून ठेवलेले कोरे मोदक, वर ग्लेझचा लेप चढायचा राहिलेले. मी विचारलं, "यांचं काय?" भावोजी म्हणाले, "कच्चेच आहेत ना ते?"

मी पेटीकडे गेले. काचेला आतून धुकं धरलं होतं. वाकून पाहिलं. दात्यांच्या मुळाशी पांढरट ठिपका.

"भावोजी, इकडे या."

"रंजना, पुन्हा नको तो विषय."

"इकडे या म्हणतेय ना."

ते आले. मी हार काढून बाजूला ठेवला आणि झाकण उघडलं. त्यांचा आवाज चढला. "तिच्या हातातली वस्तू आहे ती! मला तेवढीच राहू दे. तुझं काय जातंय?"

"माझं काय जातंय? भावोजी, वास घ्या याचा. घ्या ना. ताईच्या कुठल्या वस्तूला असा वास होता सांगा मला." मी रडत होते आणि ओरडतही होते, दोन्ही एकदम. "जन्मभर ती लोकांना सांगत आली की याला कोंडू नका. आणि तिच्याच घरात तिचाच चासेन कुजतोय. तिनं दवाखान्यात मला विचारलं होतं याबद्दल."

ते थांबले. "काय विचारलं होतं?"

"जाळलास का, म्हणून."

त्यांना हे माहीतच नव्हतं. आपलं दोघींचं भांडण, त्यात ते कधी पडलेच नव्हते. मी त्यांना सगळं सांगितलं, तुझ्या बाईंचं, देवळाचं, आभार मानून अग्नी देण्याचं. ते चासेन हातात घेऊन खुर्चीवर बसून राहिले. तुटक्या दात्यांवरून अंगठा फिरवत होते. मग म्हणाले, "मग मी देतो अग्नी. चल, आत्ता देतो."

"आत्ता नाही. आधी धुवायचा."

"जाळायचाच आहे तर धुवायचा कशाला?"

"ताईनं कधी घाण भांडं भट्टीत घातलेलं पाहिलंत का?"

मी त्यांना धुवायला लावलं. कोमट पाणी, साबण नाही. ती बुरशी त्यांनी बोटानं सावकाश काढली, एकेका दात्यामागून. मग मी शेडमधला एक कोरा मोदक आणला आणि चासेन त्यावर पालथा घातला, खिडकीत, रेडिएटरपासून लांब. भावोजींनी विचारलं, हॉट प्रेसमध्ये लवकर वाळेल का? ताई, मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

मंगळवारी सकाळी तो खडखडीत वाळला. मागच्या पायरीवर तुझा तडा गेलेला वाडगा ठेवला, त्यात चासेन उभा केला. आणि पाऊस आला, अर्थात. इथला तो बारीक, पडतोय की नाही कळत नाही असा. मी छत्री धरली, भावोजी खाली बसले. बाईंना आणि तुला उद्देशून काय म्हणायचं ते दोघांनाही सुचेना. शेवटी भावोजी चासेनला हात जोडून म्हणाले, "खूप काम केलंस," आणि काडी ओढली. दाते एकदम पेटले, मग मूठ. सोपं वाटलं होतं, पण सोपं नव्हतं ते.

तेवढ्यात भिंतीवरून मॉरीनचं डोकं. "ह्या पावसात बार्बेक्यू करताय की काय?"

भावोजी आपल्या त्या ऑफिसच्या इंग्रजीत म्हणाले, "नो मॉरीन. इट इज अ फ्युनरल."

तिनं वाडग्याकडे पाहिलं, भावोजींकडे पाहिलं. छातीवर क्रूस केला आणि म्हणाली, "सॉरी फॉर युअर ट्रबल, सतीश." इथे मयताला गेलं की हेच म्हणतात, तुला माहीत आहे. दाहगृहातही प्लांटमधल्या सगळ्यांनी तेच म्हटलं होतं, आणि तेव्हा भावोजी नुसते हात मिळवत राहिले होते. या वेळी मात्र ते रडले. अगदी मोकळेपणी, गुडघ्यावर डोकं ठेवून. मॉरीन भिंतीपलीकडे तशीच भिजत उभी राहिली, विझेपर्यंत. मीही छत्री धरून उभी राहिले.

राख झाली ती जेमतेम चिमूटभर. तू एकदा बोलता बोलता सांगितलं होतंस की लाकडाची, बांबूची राख ग्लेझवर पडली की भट्टीत वितळून तिचा रंग येतो. म्हटलं, बघू. मी आयुष्यात कधी ग्लेझ लावलं नव्हतं, पण तुला लावताना इतकी वर्षं पाहिलं होतं. तुझ्या बादलीतलं ग्लेझ ढवळलं, मोदक एकेक बुडवले, आणि बुडं ओल्या स्पंजनं पुसून काढली, नाही तर भट्टीच्या फळीला चिकटतात. त्यातल्या दोघांच्या खांद्यावर ती राख चिमटीनं सोडली. भट्टीवर तुझं भाजण्याचं सेटिंग होतंच, बटण दाबायचं काम. ते मी दाबलं. भावोजी म्हणाले, फुटले तर? मी म्हटलं, फुटले तर फुटले. कचऱ्याच्या डब्यात कोरे जाण्यापेक्षा भट्टीत फुटू देत.

दुसऱ्या दिवशी त्यांना दार उघडायची घाई झाली. मी भट्टीसमोर खुर्ची टाकून बसले. दारावर हात टेकवता येईपर्यंत उघडायचं नाही, हा तुझा नियम. तुझ्यासमोर मी तो किती वेळा मोडायला निघाले होते! या वेळी मोडू दिला नाही.

आज शुक्रवार. आज उघडली. दोन तडकले, एक फळीला चिकटलाच, बाकीचे सगळे चांगले. आणि राखेचे दोघे, ताई, त्यांच्या खांद्यावरून खाली एक ओघळ उतरलाय, मंद हिरवा, मधूनच करडा. तुझ्या हातून उतरला असता तर तू नाक मुरडून म्हणाली असतीस, एका बाजूला जास्त झालाय. झालाय. मला चालतो.

भट्टी उघडली की पहिला वाडगा, हा तुझा रिवाज. मी नवा चासेन पाकिटातून काढला आणि भावोजींच्या हातात दिला. त्यांनी भिजवला, फिरवला. फेस काही आला नाही, गुठळ्याच जास्त. ते प्यायले आणि म्हणाले, "पालकाचं पाणीच आहे हे." आणि वाडगा रिकामा केला. मग मी काही सांगायच्या आत भावोजीच उठले, नळ कोमट केला, चासेन धुतला, झटकला, आणि ओघळवाल्या मोदकावर पालथा घातला. खिडकीत जागा शोधत होते. रेडिएटरपासून लांब ठेवला. मी तोंड फिरवून भांडी आवरायला लागले.

तो मोदक आणि तो चासेन त्यांच्याबरोबर पुण्याला जातायत. पेटी कचऱ्याच्या डब्यात गेली. फोटो ते नेणार आहेत, तो तुला न आवडणाराच. म्हणतात, चहा पिताना तू अशीच दिसायचीस. यावर वाद घालायला तू इथे हवी होतीस.

भट्टी सोमवारी जाणारच. मी ती मागितली नाही. मला चाक फिरवता येत नाही आणि या वयात तुझी नक्कल करायची नाही. पण बाजारातली आपली जागा मी सोडत नाहीये. उद्या शनिवार. नितीन टेबल गाडीत टाकतोय. शेवटच्या मोदकापर्यंत मी तिथे उभी राहणार, आणि प्रत्येकाबरोबर सांगणार, साबण नको, उकळतं पाणी नको, कोंडू नका. कुणी एग कप म्हणून नेला तर नेऊ देईन, पण सांगणार त्यालाही. मोदक संपल्यावर चहा विकेन. मला तो अजूनही आवडत नाही, आणि हे मी कुणाला कळू देणार नाही.

दुसरा राखेचा मोदक माझ्याकडे आहे. तो विकायचा नाही. उद्या टेबलावर असेल, त्यावर कामाचा चासेन, ओला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तेवढं राहिलं होतं. हो ताई. जाळला. आधी धुतला, नीट वाळवला, मग जाळला. अग्नी भावोजींनी दिला.